मावशीची सीडी चालत न्हाई

आमच्या विट्याकडच्या भागात मेलेलं माणूससुद्धा वाट बघतं. मी मूळची रहिमतपूरची, लग्न होऊन इकडे आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे सकाळी कुणी गेलं की दुपारच्या आत सगळं आटोपून माणसं आंघोळीला लागतात. इथं घराघरातला कर्ता मुलगा गलाईच्या धंद्यात. म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं दुकान, आणि ते दुकान कुठं, तर कुणाचं पार दक्षिणेत, कुणाचं पंजाबात. घरात कुणी गेलं की तिकडं फोन जातो, तिकडून "निघालो" म्हणून निरोप येतो, आणि मग गेलेलं माणूस बर्फाच्या लाद्यांवर. गाड्या मिळतील तसा मुलगा येतो. तोवर घरातल्या बायका पाणी पुसत बसतात.

ही गोष्ट त्या पाण्याची आहे, पण आधी माझं कौतुक ऐकून घ्या.

आमचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. नवरा लग्नाचं शूटिंग करायचा आणि मी आत बसून मिक्सिंग, म्हणजे काढलेलं कापून-जोडून सीडी करणं. मिक्सिंग करणाऱ्या बाईच्या हातात केवढी सत्ता असते, हे तुम्हाला कळायचं नाही. मी भांडलेल्या जावांना एका चौकटीत आणलंय. वरमाईच्या सांगण्यावरून एका मावसभावाला सबंध लग्नातून गायब केलंय. पाठवणीला नवरीचं रडणं कमी पडलं, तर तेच रडणं मी दोनदा लावायची, एकदा लांबून आणि एकदा जवळून. लोक मिटक्या मारत बघायचे.

आधी आमच्या कॉम्प्युटरवर चारचौघांसारखीच सिस्टीम होती, कुणाकडून तरी उतरवून घेतलेली. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून तिला रोज नवा आजार व्हायचा. एकदा व्हायरसनं एका लग्नातले फेरे, मंगळाष्टका आणि नवरदेवाचा मामा असं सगळं एका बैठकीत गिळलं. मग माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला आणि त्यानं मशीन पुसून त्यात लिनक्स नावाचं वेगळंच सॉफ्टवेअर घालून दिलं. फुकट, निरोगी आणि गर्विष्ठ. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचे आणि ते मुकाट ऐकायचं. स्टुडिओत कुणी आलं की मी मुद्दाम तो काळा पडदा उघडायची आणि कपाळाला आठ्या घालायची. लोकांना वाटायचं, ही बाई लग्नाच्या सीडीच्या नावाखाली रॉकेट सोडतेय.

स्टुडिओच्या मागच्या बोळात मावशी राहायच्या. नात्यानं कुणी नव्हे, सगळा बोळच त्यांना मावशी म्हणायचा. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा कोईमतूरला गलाईच्या दुकानात, आणि नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली लेक सोबतीला. मावशींच्या पोटात गाठ निघाली. सांगलीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, ते मावशींना सगळ्यांच्या आधी कळलं.

एक दिवस मी भाजी घेऊन बोळातून चालले होते, तर आतून हाक आली.

"पोरी, तुझ्या मालकाला म्हणावं, कॅमेरा घिऊन ये."

"कुणाचं लग्न काढलं मावशी?"

"माझी वरात निघायची हाय. यील न्हवं?"

मी हसले. मग आत जाऊन बघितलं आणि हसू बंद झालं. दोन महिन्यांत बाई एवढीशी झाली होती, पण आवाज मात्र पूर्वीचाच, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. आणि तीच तर अडचण होती.

"फोनवर मी पोराला सांगते, मी आता जाणार. तो म्हणतो, आई, आवाज तर ठणठणीत हाय तुझा, काय बी बोलू नगंस. आन फोन ठिवतो. आवाज तेवढा उरलाय गं. त्याला मला दाखव."

दाखवून काय हवं होतं? तेही त्यांनी सांगितलं. मावशींचे मालक ऐन उन्हाळ्यात गेले. जत्रांचे दिवस, गाड्या भरलेल्या, मुलगा तिसऱ्या दिवशी पोचला. तोवर मालक बर्फावर. मावशींना स्वतःला तसं ठेवून घ्यायचं नव्हतं. जीव गेला की लगेच न्यायचं, अग्नी लेकीनं द्यायचा, मुलानं मागाहून सावकाश यायचं. एवढंच. त्यांच्या दिरांना, म्हणजे भावकीतल्या कर्त्या माणसाला, त्यांनी हे सांगून झालं होतं. दीर वाईट नव्हते. माझ्यादेखत बोलले.

"वहिनी म्हणत्यात ते मला पटतंय. पण उद्या पोरगा आला आन म्हणाला, काका, माझी आई मला न दावता जाळलीसा? तर मी कुठं तोंड लपवू? त्याला एक फोन करून व्हय म्हणू दे. माझी ना न्हाई."

म्हणजे सगळं त्या एका होकारावर आलं.

नवरा कॅमेरा घेऊन आला. लेकीनं मावशींना उशांना टेकवून बसवलं, पदर नीट केला. नवऱ्यानं लाइट लावला, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि जन्माची सवय तोंडातून निघून गेली.

"मावशी, जरा हसा."

"दात कुठं हाईत हसायला? काढ तू मुकाट्यानं."

मग त्या बोलल्या. मी नंतर ते इतक्यांदा ऐकलं, की मला आजही तोंडपाठ आहे.

"बाबा, बघ मला. नीट बघ. तुझ्या बापाला बर्फावर ठिवला. चैतात सुदीक वाकळ पांघरून झोपणारा माणूस त्यो. मी पानी पुसत बसले आन त्येच्या पायाकडं बघत बसले. मला थंडी सोसत न्हाई. मला तसं ठिवू नगा. गेले की न्या. तुझी भन हाय हितं, ती दील अग्नी. रागानं सांगत न्हाई मी. तू दहाव्याला ये, सावकाश ये. काकाला फोन करून व्हय म्हण फकस्त."

नवऱ्यानं लाइट बंद केला आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली. तो बिडी ओढत नाही. कुणाकडून तरी मागून घेतली होती.

तेव्हा मोबाइलवर बोलणं व्हायचं, चित्र जात नव्हतं. सीडीच करायची होती. मी काळा पडदा उघडला, ऐटीत हुकूम सोडले, आणि संध्याकाळपर्यंत सीडी तयार. शेजारच्या गल्लीतला एक गलाईवाला कोईमतूरला परत निघाला होता. चटणी, पापड आणि मावशी असं त्याच्या पिशवीत घातलं.

आठवड्यानं मुलाचा फोन आला.

"वहिनी, ती सीडी चालंना झालीया. नुसतं कॉम्प्युटर कायबाय इचारतोय."

ती खरंच चालत नव्हती. मी दुसरी प्रत घेऊन नेट कॅफेत गेले, तिथंही ठप्प. पुण्याला भावाला फोन लावला. तो पोट धरून हसला.

"ताई, तू लिनक्सच्या घरचं रूप देऊन बसलीस त्याला. ते आपल्याकडे चालतं, बाहेर कुणाला वाचता येत नाही. जुन्यातलं जुनं रूप दे, एमपेग वन. चित्र जरा धुरकट दिसेल, पण जगातल्या कुठल्याही डबड्यावर चालेल. आणि डीव्हीडी करू नकोस, जुन्या मशीनला सीडीचंच तोंड असतं."

मला चेव चढला. कुठल्याही डबड्यावर! मी नव्यानं सीडी केली आणि पाठवण्याआधी विट्यातलं एकेक डबडं गाठायचं असं ठरवलं. पहिल्यांदा दवाखान्यात कंपाउंडरला उठवून त्याच्या मशीनमध्ये घातली.

"वहिनी, कोरी हाय ही."

कोरी? घरी तर चालत होती. पतसंस्थेत गेले, तिथला कारकूनही म्हणाला कोरी. दिवसभर डोकं फोडल्यावर कळलं, की सीडीवर लिहून झाल्यावर ती बंद करावी लागते. ते केलं नाही, तर ज्या मशीननं लिहिली त्यालाच ती वाचता येते, परक्याला कोरी दिसते. बंद केली, आणि सकाळी बी-बियाण्याच्या दुकानात शिरले. दुकानदाराचं मशीन सगळ्यात म्हातारं. समोर बाकावर पाच-सहा शेतकरी पावतीच्या प्रतीक्षेत.

सीडी सुरू झाली. आणि पडद्यावर सनई वाजली, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या, सोनेरी कलश फिरत फिरत मधोमध आला. माझ्या प्रत्येक लग्नाच्या सुरुवातीला असायचा तो तुकडा. सवयीनं जोडला गेला होता.

"कुणाचं लगीन म्हनायचं हे?" बाकावरचा एक जण पुढं सरकून म्हणाला. बाकीचे हसले. पाकळ्या विरल्या आणि मावशींचा चेहरा आला.

 दुकानदारानं पावती लिहायला पेन उचललं आणि सीडी संपेपर्यंत तसंच धरून ठेवलं. मग मघाशी हसलेलाच माणूस म्हणाला, "आमच्या बाला बी ठिवला व्हता दोन दीस." जरा वेळानं पुढं म्हणाला, "त्यो काय बोललाच न्हाई कवा."

शाळेत चालली. पतसंस्थेत चालली. तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडे चालली. नेट कॅफेतल्या प्रत्येक खोपटात चालली. मी अशी तालात गावभर हिंडत होते, की माझ्या मागं मावशींचा आवाज दुकानादुकानातून येत होता, "मला तसं ठिवू नगा." मला त्याचं काही वाटत नव्हतं, खरं सांगते. मी फक्त चालली की नाही एवढं बघत होते आणि प्रत्येक ठिकाणी खूश होत होते.

पाकळ्यांचं मावशींना सांगितलं तेव्हा त्या खोकला येईस्तोवर हसल्या. "ऱ्हाऊ दे की फुलं. माझ्या लग्नात कुनी टाकली व्हती?" पण मी काढली.

दुसरी सीडी गेली. उत्तर आलं, "चालत न्हाई."

माझा विश्वासच बसेना. त्याच सुमारास एक म्हातारा गलाईवाला कायमचा गावी परतला होता. त्याला विचारलं. त्यानं आपले हात दाखवले, नखं पिवळी पडलेली.

"पोरी, सोनं शुद्ध करायला ॲसिड लागतं. त्येची वाफ उठती. दुकानातलं कुलूप खाती, पंखा खाती, माणसाचं दात खाती. कॉम्प्युटर कुठला टिकतोय?"

सापडलं! मी धावत जाऊन फोन लावला.

"भावजी, ॲसिडच्या वाफेनं तुमच्या ड्राइव्हची लेन्स गेली असणार. आतली काच हो. म्हणून चालत नाही."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "व्हय व्हय. तसंच झालं असंल वहिनी."

मी तिसरी सीडी केली. ती माझी सर्वोत्तम सीडी. तिच्यात चित्र दाखवणारा प्रोग्रॅमच घालून दिला, म्हणजे समोरच्या मशीनमध्ये काही नसलं तरी अडायला नको. फाइलचं नाव आधी मराठीत होतं, ते परक्या मशीनवर चौकोन चौकोन दिसायचं, म्हणून साध्या इंग्रजी अक्षरांत केलं. वर चिठ्ठी लावली: दुकानात लावू नका, बाहेर कॅफेत जाऊन बघा.

मावशी रोज विचारायच्या, "लागली का गं त्याची?" मी म्हणायची, "आता लागेल." त्यांचा आवाजही उतरायला लागला होता. शेवटी शेवटी लेकीला कान तोंडाशी न्यावा लागायचा.

फोन आला. "गेलतो वहिनी कॅफेत. तिथं बी चालली न्हाई."

"कसं शक्य आहे? काय दिसतं पडद्यावर? काही लिहून येतं का?"

"न्हाई, काय न्हाई. नुसतं काळं."

मी मावशींच्या उशाशी बसून हे सगळं तावातावानं सांगत होते, ड्राइव्ह, कॅफे, केबल. त्यांनी माझा हात धरला. त्या हाताला वजनच नव्हतं.

"सीडीला आनी किती ठोकशील? ऱ्हाऊ दे आता."

मला वाटलं, त्या दमल्या.

त्या पौष महिन्यात सकाळी गेल्या. लेक चहाचं आधण ठेवून आत गेली, तेवढ्यात. त्यांच्या दिरांनी मुलाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. पलीकडून रडणं, आणि मग, "थांबा काका. मी निघालो. उद्या सांजच्यापतोर येतो. थांबा."

लेक म्हणाली, "काका, आईनं सांगितलंय. समद्या गावानं ऐकलंय."

मीही बोलले. नाटकी बाई मी, पदर खोचून बोलले. घरात बसलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी ती सीडी बघितलेली होती आणि ते सगळे चपलांकडे बघत होते.

"त्यो व्हय म्हनला का?" दिरांनी विचारलं.

"त्याच्याकडं चाललीच नाही हो सीडी."

"मग?" ते म्हणाले. त्यांचेही डोळे भरलेले होते. "मग मी काय करू, तूच सांग."

कुणीतरी म्हणालं, थंडीचे दिवस आहेत, बर्फ नसला तरी निभेल. दुसरा म्हणाला, प्रवासाचं काय सांगावं, गाडी चुकली म्हणजे? कराडहून टेंपोनं बर्फ आला. भुश्यात गुंडाळलेल्या लाद्या. नवऱ्यानं त्या उतरवायला हात लावला नाही, तो स्टुडिओचं शटर ओढून आत बसला. मी आणि लेक पोत्यानं पाणी टिपत बसलो. बादली भरली की ती उचलायची आणि मागं मोरीत ओतून यायची. एकदा येताना तिनं घरातली वाकळ आणली आणि आईच्या अंगावर घालायला लागली. एका म्हातारीनं तिला धरलं. "अगं, ऊब लागंल न्हवं. बर्फ इतळंल."

तो दुसऱ्या दिवशी उशिरा आला. पिशवी दारातच टाकली, आत येऊन आईच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. मग पुन्हा ठेवला आणि ठेवूनच बसला. अग्नी त्यानंच दिला.

दहावा झाला, तेरावा झाला. परत जायच्या दिवशी तो पिशवी घेऊन स्टुडिओत आला. नवरा बाहेर गेला होता, मी एकटीच. त्यानं बराच वेळ भिंतीवरचे नवरा-नवरीचे फोटो बघितले.

"वहिनी, आईची ती सीडी आनी एक मिळंल?"

"कशाला? तुमच्याकडं चालत नाही ना."

त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेली माझी दुसरी सीडी काढली आणि टेबलावर ठेवली. तिची चकचकीत बाजू धुरकटून तांबूस डाग पडले होते.

"दुकानात ठिवली व्हती. वाफेनं गेली, तिसरी बी तशीच. तवर चालत व्हती."

"कधीपासून?"

"आली त्या दिशीच लागली." तो खुर्चीवर बसला. "रोज बघायचो वहिनी. भट्टी इझवली की लावायचो."

 मी म्हणाले, "मग व्हय का नाही म्हणालात?"

"व्हय म्हनलो असतो तर तुमी तिला लगीच न्हेली असती." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "बारा वर्साचा असताना मला तिकडं भट्टीवर धाडला. तवापास्नं घर म्हंजी सुट्टी. बा गेला तवा त्यो थांबला व्हता माझ्यासाठनं. मला वाटलं, आई बी थांबंल. मला तिला एकदा बघायची व्हती, बस. फोटूत न्हवं."

बाहेर कुणीतरी शटर वाजवून, उघडं आहे ना म्हणून विचारून गेलं. मी मशीन चालू केलं.

"वहिनी, एक करता यील?" तो म्हणाला. "त्यातलं ते बर्फाचं तेवढं काढता यील का? बाकीचं ऱ्हाऊ दे."

मी भांडलेल्या जावा जोडणारी बाई. मला काय काढता येत नाही? मी कापलं. बर्फाचं कापलं, बापाचं कापलं, बहिणीचं, अग्नीचं, दहाव्याचं. त्या सगळ्यात बर्फच होता. मग जे उरलं, ते त्याला लावून दाखवलं.

पडद्यावर मावशी उशांना टेकून बसल्या आहेत. लेकीचा हात येतो, पदर सारखा करून जातो. मावशी कॅमेऱ्याकडे डोळे बारीक करून बघतात. "बाबा, बघ मला. नीट बघ." आणि लगेच, मान बाजूला वळवून, "झालं व्हय? मग त्यो दिवा बंद कर बाबा, डोळं दिपत्यात." संपलं.

"काढलं तर एवढंच उरतं," मी म्हणाले.

"परत लावा."

लावलं.

"एवढंच द्या," तो म्हणाला.

मी काळ्या पडद्यावर हुकूम लिहिले. सीडी लिहून झाली, बंद केली, दुसऱ्या मशीनमध्ये घालून तपासली. ती त्याच्या हातात देताना मी म्हणाले, दुकानात ठेवू नका, खोलीवर ठेवा. त्यानं मान हलवली, ती शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवली आणि बोळाकडे न वळता सरळ स्टँडकडे गेला. बहिणीला काय सांगायचं, हे त्यानं मला विचारलं नाही आणि मीही तिला अजून सांगितलेलं नाही.